स्क्रोल सॉ घेताना आधी काय बघावं? माझं मत: ब्लेड किती पटकन बदलतं ते

तापीकाठचा सुतार

राम राम मंडळी. दुकानात स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक नक्षी कापायची वरखाली चालणाऱ्या ब्लेडची करवत, बघायला गेलं की विक्रेता पहिल्यांदा इंच सांगतो, म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. हे १६ इंची, हे २१ इंची. गिऱ्हाईकही तेच विचारतं. जाळीकाम करणाऱ्याने तो आकडा तिसऱ्या-चौथ्या नंबरला ठेवावा असं माझं ठाम मत आहे. पहिला नंबर ब्लेड धरणाऱ्या क्लॅम्पचा.

देव्हाऱ्याच्या बाजूची सागाची जाळी घ्या. आत ६० गाळे, म्हणजे कापून काढायच्या मोकळ्या जागा, आहेत असं धरा. दर गाळ्याला वरचा क्लॅम्प सोडायचा, पाटी उचलून पुढच्या भोकातून ब्लेड ओवायचं, क्लॅम्प आवळायचा, पुन्हा ताण द्यायचा. ॲलन की घेऊन दर खेपेला दीड मिनिट गेलं तर दीड तास नुसता ओवण्यात जातो, तेवढ्यात चिमूटभर भुसासुद्धा पडत नाही. अंगठ्याने फिरणारा क्लॅम्प आणि ताणाचा खटका पुढच्या बाजूला असेल तर तेच काम २५ मिनिटांत उरकतं. मजुरी आपल्याला जाळीची मिळते, आवळाआवळीची नाही.

टोकांना आडवी पिन असलेलं, पिनवालं ब्लेड तर घेऊच नका. पिन आत जायला ५ मिमीच्या आसपास भोक लागतं. वेलीच्या बारीक पानात एवढं भोक पाडल्यावर पान उरतं कुठे? बिनपिनचं ३ नंबर ब्लेड दीड मिमीच्या भोकातून आरामात जातं.

वरचा हात, म्हणजे ब्लेडचं वरचं टोक धरणारा मशीनचा भाग, उचलता येणारं मशीन मिळालं तर फार बरं. मग ब्लेड वरच्याच क्लॅम्पमध्ये राहू देऊन खालून सोडायचं आणि वरून भोकात घालायचं, पाटी टेबलावरून हलवावी लागत नाही. वेग कमी-जास्त करता यावा, मिनिटाला ४०० पासून १७५० धक्क्यांपर्यंत. पितळ आणि ॲक्रिलिकला कमीच लागतो. पायाने चालणारा स्विच हवा, कारण दोन्ही हात पाटीवर असतात. बाकी दिवा, भुसा उडवायची नळी वगैरे मागाहून बसवता येतं.

भुसावळकर फिटर

सुतारभाऊ, तुमचा अनुभव मोठा, पण क्रम मला पटला नाही. पहिला नंबर थरथरीचा. क्लॅम्प कितीही झटपट असला तरी मशीन थरथरायला लागलं की रेघेवर ब्लेड राहत नाही, आणि चुकलेला काप कोणताही क्लॅम्प भरून देत नाही.

हाताची रचना बघा. सी-आकाराच्या हातात ब्लेड वरखाली होताना कमानीत झुलतं, त्यामुळे बारीक वळणावर कापाची कड सरळ उतरत नाही. समांतर हातात ब्लेड उभंच राहतं, पण लांबच लांब दोन हात वरखाली होतात, ते वजन मशीनला हलवतं. डीवॉल्टचं ७८८ किंवा एक्सकॅलिबर घ्या. त्यांत लांब दांडा मागे-पुढे सरकतो आणि वरखाली होतं ते फक्त पुढचं आखूड टोक. थरथर कमी होते ती इथे.

बघायची सोपी रीत: मशीन १००० च्या वेगावर ठेवा आणि टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करा. पडलं तर पैसे खिशातच ठेवा. आणि मशीन पातळ पत्र्याच्या स्टँडवर बसवू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड अँगलचा स्टँड करून घ्या, बोल्ट मारा, खालच्या फळीवर वाळूची गोणी टाका.

तापीकाठचा सुतार

@फिटर, थरथरीचं तुम्ही म्हणता ते खरंच. पण निम्मी थरथर तुम्ही स्वतःच अँगल आणि वाळूवर घालवलीत. वाईट क्लॅम्पवर वाळूची गोणी ठेवून काय होणार? जे नंतर सुधारता येत नाही तेच आधी बघायचं, एवढंच माझं म्हणणं.

भुसावळकर फिटर

मग हाताची रचनाही नंतर सुधारता येत नाही. वाळूने स्टँड स्थिर होतो, ब्लेडचं झुलणं थांबत नाही.

मखरवाली (धुळे)

दोघा भावांना नमस्कार. तुम्ही इंच शेवटी टाकलेत म्हणून लिहिते. मी गणपतीची मखरं करते, पाट्या ३ फूट रुंद असतात. मध्यापर्यंत पोचायलाच १८ इंच लागतात. १६ इंची मशीनवर पाटी मागच्या खांबाला अडते आणि मधलं कमळ कापायचं राहून जातं. तिथे क्लॅम्प सोन्याचा असला तरी उपयोग काय?

स्पायरल ब्लेड वापर, पाटी फिरवावी लागत नाही, असं मला बरेच जण सांगतात. त्या ब्लेडला सगळीकडून दात असतात, कोणत्याही दिशेला कापतं, हे खरं. पण काप रुंद येतो आणि कड खरबरीत राहते. कमळाच्या पाकळीच्या टोकात पॉलिश पेपर घालून बघा एकदा. बोट शिरत नाही तिथे.

आणखी एक सांगते. टेबल तिरकं करण्यापेक्षा वरचा भाग तिरका होणारं मशीन घ्यावं, एक्सकॅलिबरचं तसंच असतं. टेबल तिरकं केलं की मोठी पाटी खाली घसरते. एक हात तिला धरण्यातच गुंततो.

एमआयडीसी लेझर (जळगाव)

सर्वांचा आदर ठेवून लिहितो. ही चर्चा दहा वर्षांपूर्वीची वाटते. माझ्याकडे लेझर आहे. ६० गाळ्यांची जाळी मी फाईल टाकून सोडून देतो. दुसरी जाळी पहिलीसारखीच निघते, तिसरीही. लग्नसराईत नावाच्या पाट्यांची रांग लागते, तिथे ब्लेड ओवत बसायला वेळ कुणाला आहे? नवीन मुलाने स्क्रोल सॉवर पैसे घालूच नयेत.

तापीकाठचा सुतार

भाऊ, एमडीएफच्या पाट्या तुम्ही कराव्यात, त्यात दुमत नाही. पण सागाची पाऊण इंच फळी छोट्या लेझरवर नीट कापून दाखवा. कड काळी पडते, ती खरवडेपर्यंत नक्षीचा धारदारपणा जातो.

आणि एक काम तुमचं मशीन करूच शकत नाही. सागाच्या फळीत हळदूचं फूल जडवायचं आहे. दोन्ही फळ्या एकावर एक चिकटवायच्या, टेबल २-३ अंश तिरकं करायचं आणि दोन्ही एकाच वेळी कापायच्या. तिरक्या कापामुळे एकीतला तुकडा दुसरीत पाचरीसारखा जाऊन बसतो आणि ब्लेडच्या जाडीची फट मिटते. नेमका कोन फळीच्या आणि ब्लेडच्या जाडीवर ठरतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर जमवायचा. जमला की जोड नखाला लागत नाही. म्हणून ताईंचा तिरकेपणाचा मुद्दा मला पूर्ण मान्य.

साक्रीवाला

दादाहो, आमना गावमा लाईट कधी येस कधी जास, तठे तुमना खटका काय कामना?

माझ्या मते आधी मोटर बघा. ही मशीनं वीज फार खात नाहीत, दीडशे-दोनशे वॉटच्या आसपास, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर चालायला हरकत नसते. पण स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर गुणगुणते आणि तापते. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली आधीच भट्टी असते. साइन वेव्हचा घ्या. कुणाचा नातेवाईक अमेरिकेहून मशीन आणत असेल तर ते ११०-१२० व्होल्टचं आणि ६० हर्ट्झचं असतं हे लक्षात ठेवा. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरेल, हर्ट्झ त्याने बदलणार नाहीत.

सराफ बाजार (जळगाव)

मी सुतार नाही, सोनारकामातला आहे. ब्लेडबद्दल सांगावंसं वाटलं. आमच्या हातकरवतीची ब्लेडं १३० मिमीची असतात आणि स्क्रोल सॉची बिनपिनची साधारण १२७ मिमीची, त्यामुळे बऱ्याच मशीनमध्ये आमची बसतात. सुवर्णनगरीत ती आमच्या कामाच्या सामानाच्या दुकानात मिळतात, मागवून वाट बघावी लागत नाही. पितळी पत्रा कापायला उत्तम. मात्र दात फार जवळ असतात, जाड लाकडात भुसा अडकून जळतं. लाकडाला लाकडाचंच ब्लेड लावा.

बिनपिनचं घ्या या सुतारभाऊंच्या सल्ल्याला म्हणूनच माझा पाठिंबा. पिनवाल्या मशीनला आमचं एकही ब्लेड लागणार नाही.

मखरवाली (धुळे)

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मीही एक देते: पाटीवर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवून कापलं की लाकूड जळत नाही, ब्लेडही जास्त टिकतं. आणि रिव्हर्स टूथ ब्लेड घ्या. खालचे काही दात उलटे असल्याने प्लायची मागची बाजू फाटत नाही.

पण इंचांवरून मी हटणार नाही.

भुसावळकर फिटर

ताई, हटू नका. मोठ्या थ्रोटचं, म्हणजे जास्त इंची मशीन घेताना मात्र एक तपासा, हात जितका लांब तितकी बाजूला हलायची भीती जास्त. दीड इंच जाड तुकड्यात थोडासा काप घ्या, मशीन बंद करा, तुकडा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूने तोच काप ब्लेडवर सरकवा. सहज सरकला तर टेबल आणि ब्लेड काटकोनात आहेत. अडला तर आधी टेबल जमवून पुन्हा बघा. टेबल जमवूनही दर कापाला वेगळंच उत्तर येत असेल तर हात हलतोय. ते मशीन २१ इंची असो की ३०, दुकानातच सोडून या.

तापीकाठचा सुतार

ही तपासणी मी माझ्या यादीत क्लॅम्पच्या लगेच खाली लिहून घेतली आहे. क्लॅम्पच्या वर नाही, फिटरभाऊ.