मानवी अंतराळ मोहिमांना दीर्घकालीन निधीची हमी असावी का?

धागालेखक:
डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले आणि त्यानंतर पन्नास वर्षे उलटली तरी तिथे माणसाचे पाऊल पुन्हा पडले नाही. पुढच्या तीन मोहिमा रद्द झाल्या आणि त्यामुळे उरलेल्या सॅटर्न ५ अग्निबाणांचे भाग आज संग्रहालयांत मांडून ठेवलेले आहेत. स्कायलॅबचे उदाहरण तर मनाला फारच लागते. या अंतराळस्थानकातून शेवटची तुकडी १९७४ मध्ये परतली, त्याला वरच्या कक्षेत ढकलण्याचे काम स्पेस शटल या पुन्हा वापरता येणाऱ्या यानाकडे सोपवायचे ठरले, परंतु शटलचे पहिले उड्डाण १९८१ पर्यंत लांबले आणि तोवर, जुलै १९७९ मध्येच, स्कायलॅब कोसळले. दरवर्षी अर्थसंकल्पात नव्याने मंजुरी मागत दशकभराचे काम उभे राहत नाही. म्हणून सरकारांनी अशा मोहिमांसाठी किमान दहा वर्षांच्या निधीची कायद्याने हमी द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
मी याच्याशी सहमत नाही. आपण शटलचा उल्लेख केलात, तर त्याचाच पूर्ण हिशेब मांडू. स्वस्त आणि वारंवार उड्डाणांचे आश्वासन देऊन सुरू झालेल्या या यानाची तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली आणि चॅलेंजर व कोलंबिया या दोन अपघातांत १४ जणांचे प्राण गेले. आराखडा अपेक्षा पूर्ण करत नाही हे कळूनही तो चालू राहिला, कारण त्याला पर्याय उभा केलेला नव्हता. अशा कार्यक्रमाला कायद्याची हमी असती, तर तो थांबवणे आणखी कठीण झाले असते. शिवाय १९७७ मध्ये दूरच्या ग्रहांकडे निघालेली दोन व्हॉयेजर याने आणि २०२० मध्ये चंद्रावरून १.७३ किलो माती घेऊन आलेले चीनचे छांग-अ ५ यान यांवर एकही माणूस नव्हता.

प्रतिसाद २:
यंत्रांनी मोठे काम केले आहे, हे मान्य. तरीही अपोलो १७ मधला एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. हॅरिसन श्मिट हे चंद्रावर उतरलेले एकमेव व्यावसायिक भूवैज्ञानिक. शॉर्टी विवराच्या काठावर चालताना, बुटांनी ढवळलेल्या करड्या मातीखाली त्यांना नारिंगी रंग दिसला. तो दिसताक्षणी त्याचे महत्त्व त्यांनी ओळखले, तिथे चर खणला आणि नमुने घेतले. ते प्राचीन ज्वालामुखीच्या उद्रेकातून उडालेले काचेचे सूक्ष्म मणी निघाले आणि २०११ मध्ये त्यांच्यातल्या स्फटिकांत अडकलेल्या शिलारसाच्या थेंबांत पाणी सापडले. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीवर आजही संशोधन चालू आहे.

प्रतिसाद १:
प्रसंग मोलाचा आहे, परंतु त्यातून माणूस पाठवण्याचे महत्त्व सिद्ध होते, निधी आगाऊ बांधून ठेवण्याचे नाही. अपोलोला तर दहा वर्षांची हमी नव्हती. दरवर्षी मंजुरी घेऊनच तो चंद्रावर पोहोचला. आजच्या संसदेने उद्याच्या मतदारांचे हात का बांधावेत, हा माझा प्रश्न आहे.

धागालेखक:
अपोलोच्या मागे शीतयुद्धातली स्पर्धा होती. १९६६ च्या सुमारास अमेरिकी केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाला मिळत होता. तशी परिस्थिती मागून मिळत नाही. एरवी काय होते, ते आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाबतीत दिसले: १९८४ मध्ये घोषणा, मग खर्च कमी करण्यासाठी आराखडा पुन्हा पुन्हा बदलणे, आणि जून १९९३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात अवघ्या एका मताने बचाव. याच स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून माणसाची सलग वस्ती आहे. एक मत फिरले असते, तर तोवरची सारी मेहनत वाया जाण्याची वेळ आली असती.

शटलबद्दलचा आपला आक्षेप मात्र मला मान्य करावा लागेल. म्हणून माझ्या प्रस्तावात एक दुरुस्ती करतो: हमी एखाद्या यानाला नसावी, चंद्रावर परतण्यासारख्या उद्दिष्टाला असावी, आणि ठरलेल्या टप्प्यावर काम सुरक्षितपणे पूर्ण झाले नाही, तर आराखडा रद्द करण्याचा अधिकार त्या संस्थेबाहेरच्या तज्ज्ञांकडे असावा.

प्रतिसाद १:
असा अधिकार कायद्यात स्पष्ट लिहिलेला असेल आणि संसदेला तो काढून घेता येणार नसेल, तर माझा अर्धा विरोध मावळतो. उरलेला अर्धा मतदारांच्या हक्काविषयीचा आहे आणि त्यावर आपण अजून उत्तर दिलेले नाही.