लोअर परळ: टॉवर आणि चाळ शेजारी आहेत, म्हणजे ठीक चाललंय का?

डिलाईलरोडवाला
काल आईला घेऊन डिलाईल पुलावरून चालत होतो. पुलावर ती थांबली आणि काचेच्या टॉवरकडे बघत म्हणाली, तिथे तुझ्या बाबांच्या गिरणीचं साचाखातं, म्हणजे कापड विणायचा विभाग होता. बाबा 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांच्या संपावर गेले ते परत कामावर गेलेच नाहीत. आमची खोली अजून दहा बाय बाराची, संडास कॉमन, पहाटे उठून पाणी भरायचं आणि खिडकीतून समोरच्या टॉवरचा स्विमिंग पूल दिसतो. लोक याला विकास म्हणतात, मला ते पटत नाही.

परळचा पोरगा
दादा, तुमचं दुःख खरं आहे पण मॉल-ऑफिसांना दोष का? मी बारावीनंतर मॉलमध्येच कपड्यांच्या दुकानात लागलो, त्या पगारावर बीकॉम केलं. आजोबा सांगायचे, खात्यात कापसाची धूळ, साच्यांच्या आवाजाने कान गेलेले, एका खोलीत वीस-वीस जण पाळ्या लावून झोपायचे. ते दिवस परत हवेत का? आणि बीडीडी चाळवाल्यांना 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर मिळतंय, वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या दिल्यासुद्धा, ते टॉवरशिवाय झालं असतं?

डिलाईलरोडवाला
धूळ परत मागत नाहीये रे. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली, शेड पाडून निघालेली जागा त्यातून सुटली. मग मैदान किती आणि घरं किती उरणार? हा शेजार आपोआप नाही झालेला, कागदावर ठरवून झालाय.

खाणावळवालीची नात
दादा, नियमाचं बरोबर बोललात. पण टॉवरकडे बोट दाखवताना ऑफिसात येणाऱ्यांना त्यात धरू नका, ते विरार-डोंबिवलीहून लटकत येतात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. मी त्याच जिन्याने रोज जायचे, त्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरी होते. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, माणसं वाढली आणि जिना तेवढाच अरुंद राहिला. आजीने गिरणीवाल्यांना डबे दिले, आई आता ऑफिसवाल्यांना पोळीभाजी देते, आमच्यासाठी दोघंही गिऱ्हाईक आणि दोघंही आपलेच.

परळचा पोरगा
ताई हे पटलं. पण दादा, त्या 2001 च्या बदलावर सुप्रीम कोर्टाने 2006 मध्येच शिक्का मारलाय, आता ते उकरून काय मिळणार? जे मिळतंय ते घ्यावं. गिरणी कामगारांच्या वारसांना लांब शेलू-वांगणीला घरं देतायत तर लोक मोर्चा काढतात.

डिलाईलरोडवाला
आईचं वय 74. महिन्यातून दोनदा केईएम हॉस्पिटलला न्यावं लागतं, इथून टॅक्सीने दहा मिनिटं. वांगणीहून कर्जत लोकलने तिला कसं आणू ते तू सांग.