ओले काजूगर पुण्यापर्यंत कसे टिकवायचे? मदत हवी आहे

शिमग्याला नणंदेकडची सात माणसं आली होती. होळी झाली, पालखी घरी येऊन गेली, पोरांनी समुद्र तर सोडलाच नाही. आता उद्या पहाटे गाडी निघणार. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, मग पुणे. थांबत थांबत सात-आठ तास तरी लागतात, आणि घाट चढून गेल्यावर देशावरचं ऊन.

सोबत ओले काजूगर द्यायचेत. झाडं घरचीच, वेंगुर्ला-४ जातीची. हाताला खोबरेल फासून मी आणि सासूबाईंनी कालपासून किलोभर गर काढले, तरी चिकाने माझी दोन बोटं सोलवटलीच. एवढं करून वाया गेले तर जीव जळेल हो. मागच्या वर्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिले, ते कराडपर्यंतच चिकट होऊन आंबूस वास मारायला लागले.

तर विचारायचं असं की वरची साल काढून द्यावेत की सालीसकट? शेजारच्या काकू म्हणतात, सालीसकट ओल्या फडक्यात गुंडाळ. जाऊबाई म्हणतात, गरम पाण्यातून काढून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. पण त्याने उसळीत गर पिठूळ लागतात का? बर्फाचा डबा आहे, पण त्यात सुरमईने आधीच जागा अडवली आहे, आणि माशाचा वास काजूला लागलेला नणंदेच्या सासूबाईंना चालायचा नाही.

कोणी नेहमी पाठवत असेल तर आज रात्रीच सांगा. पहाटे पाचला निघतायत.