एफवायच्या वह्या आणि डावा समास

एकांनी लिहिलंय की एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) मुलांना नोट्स काढता येत नाहीत, तेव्हा सरळ छापील नोट्स देऊन टाकाव्यात. अडचण खरी आहे, उपाय पटला नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी एका मुलाची वही पाहिली. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवलेलं, मी नंतर खोडलेलं चुकीचं समीकरणसुद्धा! पण तोंडी सांगितलेलं 'हे असं का होतं' त्यातलं एक वाक्य नाही. बारावीपर्यंत डिक्टेशनच मिळालं, तर त्याचा काय दोष?

तेव्हापासून पानाच्या डावीकडे चार बोटं समास सोडायला लावते (कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची जुनी पद्धत). उजवीकडे तासाच्या नोंदी, डावीकडे त्याच दिवशी स्वतःला विचारायचे प्रश्न, मराठीत असले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून उत्तरं द्यायची. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलंय. गंमत म्हणजे ५ मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारेच पुढे होते; आठवड्याने चित्र उलटलं. आदल्या रात्रीच्या वाचनावर पोरांचा एवढा विश्वास का, ते इथे कळतं.

पहिले दोन आठवडे कुरकुर होते. प्रश्नही 'व्याख्या लिहा' छापाचेच येतात. मग एखादी 'बर्फ पाण्यावर का तरंगतो?' असं लिहून आणते. बरेच जण हे एसटीत बसूनच उरकतात, अक्षर वेडंवाकडं येतं. येऊ दे, मी तपासते तो फक्त डावा समास.