निर्वासित, शरणार्थी की विस्थापित?

शाईपेन:
बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांवरच्या एका अहवालाचं मराठी करतेय आणि अडलेय. १९९१-९२ मध्ये म्यानमारमधून तिथे आलेल्या रोहिंग्या मुसलमानांपैकी जे मागे राहिले, त्यांची सरकारदरबारी 'रेफ्युजी' म्हणून नोंद आहे. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांवर माणसं आली, त्यांना सरकार तो शब्द लावत नाही. त्यांच्यासाठी बंगालीत 'बलपूर्वक बास्तुच्युत', म्हणजे बळाने घर सोडायला लावलेले, म्यानमारचे नागरिक. म्हणजे एकाच गावचे चुलता-पुतण्या कुतुपालोंगच्या छावणीत राहतात आणि कागदावर दोघं वेगळे. मी दोन्हीकडे 'निर्वासित' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी दुसरीकडे 'विस्थापित' केलं. पण विस्थापित म्हटलं की आपल्याला कोयना आठवते. काय लिहू?

पारंबी:
निर्वासित पुरे आहे. 'वस्'चं प्रयोजक रूप, म्हणजे ज्याला राहत्या जागेतून घालवलंय तो. कुणीतरी घालवलं, हे शब्दातच आलं. शरणार्थी हिंदी बातम्यांतून घुसलाय, तो नको.

जुनी पाकिटं:
घुसलाय कसा? वडिलांना १९७१ च्या डिसेंबरात कराडहून आलेलं पाकीट माझ्याजवळ आहे. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट, त्यावर देवनागरीत 'शरणार्थी सहायता'. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली होती, त्यांच्यासाठी. पोस्टमनने घरोघर नेलेला शब्द आहे तो.

पारंबी:
तिकीट केंद्राचं, भाषा हिंदी. 'सहायता'सुद्धा आपली नाही, आपण साहाय्य म्हणतो.

कॅम्प नंबर तीन:
मी उल्हासनगरचा सिंधी. आजी १९४८ मध्ये कल्याण कॅम्पातल्या बराकीत आली. गोणपाटाचा पडदा लावून एका खोलीत दोन कुटुंबं. कुणी निर्वासित म्हटलं की ती म्हणायची, 'आम्ही पुरुषार्थी.' शरणार्थी तर तिला त्याहून नको होता, आम्ही कुणाला शरण गेलो? वडिलांनी शाळेत 'निर्वासितांची पोरं' ऐकलंय. व्युत्पत्ती बरोबर असेल, पण शब्द कानावर कसा पडतो तेही बघा.

करवीर:
आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश माणसं होती. आमच्या घरात त्यांचं नाव 'पोलंडवाले'. ते गेल्यावर तिथेच सिंधी आले, गांधीनगर झालं, आणि त्यांना मात्र आजोबा निर्वासित म्हणायचे. बराकी त्याच. जाणाऱ्याला त्याच्या देशाचं नाव आणि राहणाऱ्याला निर्वासित, असं तर नाही ना झालं?

बखरप्रेमी:
'परागंदा' कुणालाच आठवला नाही? फारसीत अर्थ विखुरलेला. बखरी वाचणाऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही.

पारंबी:
परागंदा माणूस आपणहून पळालेला वाटतो. मागे कर्ज किंवा गुन्हा असावा असा वास येतो त्याला.

शाईपेन:
मंडळी, माझी अडचण कायद्याची आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारात बांगलादेश नाही, आपणही नाही. त्या करारात रेफ्युजी कोण, तर ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती आहे आणि जो देशाबाहेर आहे. तो शब्द लावला की छळ मान्य केल्यासारखं होतं आणि हक्कांचा प्रश्न येतो. वास्तुच्युत म्हटलं की घर सुटलं एवढंच कळतं. मी निर्वासित लिहिलं तर सरकारने न दिलेला दर्जा मी देते, आणि विस्थापित लिहिलं तर सरकारचा शब्द माझ्या तोंडी येतो. मला दोन्ही नकोय. त्यात 'नॉन-रिफाउलमेंट'ला, म्हणजे धोका असलेल्या देशात परत न पाठवण्याच्या तत्त्वाला, मराठी सापडत नाहीये.

झाडीपट्टी:
आमच्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, गाव 'तिबेटी कॅम्प' म्हणतं. माझा वर्गमित्र तिथलाच, इथेच जन्मला. हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेर पडायचं म्हटलं की आधी खिशात 'आरसी' आहे का बघतो. नोंदणीची वही, कडा झिजलेली, मुदत संपत आली की नव्याने शिक्का. बोलताना सगळे त्याला शरणार्थी म्हणतात, कायद्याने तो परदेशी. ताई, माझं ऐकाल तर सरकारचा शब्द अवतरणात जसाच्या तसा द्या आणि तुमच्या वाक्यात निर्वासितच लिहा.

जुनी पाकिटं:
बंगालीत 'उद्वास्तु'ही आहे. वास्तू आपल्याकडेही घरच. उद्वास्तू का नको?

पारंबी:
कुणालाही कळणार नाही म्हणून. नॉन-रिफाउलमेंटसाठी 'अप्रत्यार्पण' सुचवतो.

शाईपेन:
नको, प्रत्यार्पण आरोपीचं होतं. यांनी कुठला गुन्हा केलाय? जिथे जिवाला धोका आहे तिथे बळाने परत पाठवायचं नाही, एवढंच म्हणायचंय.

करवीर:
मग 'सक्तीच्या परतपाठवणीस मनाई'. तलाठ्यालाही कळेल.

कॅम्प नंबर तीन:
परतपाठवणी नको वाटतं हो. पाठवणी मुलीची करतात, ओटी भरून.

बखरप्रेमी:
मुलीची बोळवण. पाठवणी अलीकडची.

करवीर:
अलीकडची कशी? आमच्या आजीच्या तोंडी पाठवणीच होती. बोळवण म्हणजे वाटेला लावणं, पाहुण्यालाही करतात.