टोबी हूपर एकाच सिनेमाचा दिग्दर्शक होता का?

निशाचरी

जुलैपासून दर शनिवारी रात्री अमेरिकन भयपटांचा दिग्दर्शक टोबी हूपर याचा एक सिनेमा, तोही सालाच्या क्रमाने, असा नेम धरला होता. काल 'मॉर्च्युअरी' (2005) संपला आणि झोपच लागेना. भीतीने नव्हे, वाईट वाटून.

'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' (1974) मी कॉलेजात असताना होस्टेलवर पाहिला होता. पाच जणी, एक लॅपटॉप, दिवे बंद. तो कर्क नावाचा मुलगा त्या घरात शिरतो. आतून डुकराच्या ओरडण्यासारखा आवाज येत असतो. तो पुढे धावतो, अडखळतो, समोर लेदरफेस, म्हणजे कातडीचा मुखवटा घातलेला खुनी, उभा, डोक्यात हातोडा. मग लोखंडी दार धाडकन बंद. आम्हाला किंचाळायलाही सवड मिळाली नाही. शेजारच्या मैत्रिणीने माझा दंड इतका आवळला होता की सकाळी वळ दिसत होते.

ज्याने ऐन तिशीत हे केलं, त्याच्याच हातून पुढे 'द मँगलर' (1995) आणि 'क्रोकोडाइल' (2000) कसे झाले? मधले काही आवडले. 'सेलम्स लॉट' (1979) छान, 'द फनहाउस' (1981) बरा. 'पोल्टरगाइस्ट' (1982) उत्तम, पण तो त्याचा की स्पीलबर्गचा यावर अजून भांडणं चालू आहेत. नशीब वाईट, भेटलेली माणसं वाईट, की मुळात त्याच्याकडे एकच सिनेमा होता? मनापासून विचारतेय.

काळोख्या

एकच होता. कटू आहे, पण तसंच आहे.

'चेन सॉ' जुळून आला. 1973 चा टेक्सासचा उन्हाळा, पारा 38 च्या वर, हातात 16 मिमीचा कॅमेरा आणि तुटपुंजे पैसे. शेवटचा जेवणाचा प्रसंग 24 तासांहून जास्त सलग चालला. बाहेर लख्ख दिवस, म्हणून खिडक्यांवर काळे पडदे. आत दिव्यांच्या उष्णतेने टेबलावरचं मांस सडत होतं, माणसं बाहेर जाऊन ओकत होती. लेदरफेस झालेल्या गनर हॅन्सनकडे त्या कपड्यांचा एकच जोड होता, तो धुवायचीही सोय नव्हती. पडद्यावर जो वेडाचार दिसतो तो त्या लोकांचे खरोखर झालेले हाल आहेत. असा योग आयुष्यात एकदा येतो. लगेच पुढचा 'ईटन अलाइव्ह' बघा: स्टुडिओत बांधलेलं हॉटेल, लाल दिवे, रबरी मगर. कुठे गेली ती जादू?

बूमवाला

काळोख्या, तुमचं वाचून राहवलं नाही. मी एकोणीस वर्षं शूटिंगवर साउंड करतोय, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

हाल झाले म्हणून सिनेमा चांगला होत असता तर आमच्या निम्म्या सिरियली अजरामर झाल्या असत्या. 'चेन सॉ'मध्ये पॅम नावाच्या मुलीला आकड्याला टांगतात तो शॉट पुन्हा बघा. आकडा अंगात शिरताना दिसतच नाही. दिसते ती तिच्या पायाखाली ठेवलेली बादली. रक्त आपण आपल्या मनात ओततो. हूपरला तर पीजी सर्टिफिकेट (मुलांनाही पालकांच्या सल्ल्याने बघता येईल असं) मिळेल अशी आशा होती, म्हणून रक्ताला त्याने मुद्दाम आवर घातला. बादली उन्हाळ्याने आणून ठेवली नाही, दिग्दर्शकाने ठेवली.

आणि आवाज! संगीत हूपर आणि वेन बेल या दोघांचं. चाल म्हणून नाहीच, नुसतं घासणं, खरवडणं, घुमणं. लेदरफेसच्या घरातल्या आजोबांच्या हातात हातोडा देतात तो प्रसंग आठवा. म्हाताऱ्याला तो धरवत नाही, सुटून खालच्या टबात पडतो. ठण्ण. पुन्हा हातात देतात. ठण्ण. खाली सॅली या पकडलेल्या मुलीचं डोकं दाबून धरलेलं. हा खेळ कुठवर ताणायचा, हे कानाने ठरवावं लागतं.

मला ते एका शूटिंगला कळलं. विदर्भातली बंद पडलेली जिनिंग मिल, दुपारचे दोन, जनरेटर बसला, सगळे सावलीला गेले. मी हेडफोन लावून रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, रेकॉर्ड करत होतो. कुणीतरी पलीकडचं पत्र्याचं सरकतं दार ओढलं आणि मी जागच्या जागी थिजलो. डोळ्यांपुढे कर्कच. त्या दारानंतर जी शांतता होती ती मी आजही जपून ठेवली आहे, साडेतीन मिनिटांची फाइल आहे.

हा कान पुढेही शाबूत होता. 'सेलम्स लॉट'मध्ये खिडकीबाहेर तरंगणारा मुलगा काच नखांनी खरवडतो. तारेने न टांगता त्याला क्रेनच्या दांड्यावर धरला आणि शॉट उलटा घेतला, म्हणून धुकं वेगळंच वागतं. तेही टीव्हीसाठी, जिथे रक्त दाखवायची चोरी. 'चेन सॉ 2' (1986) ला लोक हसतात, पण त्यातला चॉप टॉप नावाचा वेडा तापवलेला हँगर डोक्यातल्या पत्र्याभोवती खाजवतो ते ऐका. डोळे मिटून ऐका.

'लाइफफोर्स' (1985) वर कॅनन कंपनीने अडीच कोटी डॉलर लावले. 116 मिनिटांचा सिनेमा अमेरिकेत 101 मिनिटांचा करून लावला आणि तो आपटला. मला मात्र लांबीचा 'लाइफफोर्स' फार आवडतो. लंडन पेटलेलं असताना हूपर जो काही धुमाकूळ घालतो, तेवढं धाडस फार थोड्यांकडे असतं.

नव्वदनंतरचं मात्र मलाही पाठीशी घालता येत नाही. 'क्रोकोडाइल' मी अर्ध्यात बंद केला. हूपरला घर लागायचं. भिंती, वास, जुनं सामान असलेली जागा. ती मिळाली की तो जागा व्हायचा. 'टूलबॉक्स मर्डर्स' (2004) मधली ती जुनी इमारत बघा, शेवटचा खरा हूपर तिथे आहे.

कृष्णाकाठ

बूमवाला दादा, सगळं पटलं, पण 'पोल्टरगाइस्ट' तुम्ही सोडून दिलात, आणि घाव तिथेच बसला असं मला वाटतं.

'ई.टी.'च्या करारामुळे स्पीलबर्गला दुसरा सिनेमा दिग्दर्शित करता येत नव्हता. तो निर्माता होता, लेखकांपैकी एक होता, आणि सेटवर जवळजवळ रोज असायचा. बोभाटा झाला, दिग्दर्शकांच्या संघटनेपर्यंत प्रकरण गेलं, स्पीलबर्गने हूपरला उद्देशून जाहीर पत्र छापलं. तरी कुजबुज थांबली नाही. आयुष्यातलं सर्वांत मोठं यश हाती आलं आणि लोक विचारतात, हे तुझं ना नक्की? पुढचा निर्माता अशा माणसावर किती विसंबणार?

स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांचा शॉट आठवा. आई क्षणभर वळते, कॅमेरा तिच्याबरोबर जातो, परत येतो तर टेबलावर खुर्च्यांची उतरंड. कट नाही. तो कुणी सुचवला मला सांगता येणार नाही. पण 2017 मध्ये हूपर गेला तेव्हाही बातम्यांखाली हाच वाद सुरू होता, त्याचा फार राग आला होता मला.

काळोख्या

बादलीचा मुद्दा मान्य. तो शॉट मी वीसेकदा पाहिला असेल, बादली कधी पाहिली नव्हती. बाकी 'ईटन अलाइव्ह'बद्दल माझं मत कायम.

निशाचरी

दादा, ताई, सगळ्यांचे आभार. काल रात्री हेडफोन लावून 'सेलम्स लॉट'ची खिडकी पुन्हा पाहिली. पहिल्या वेळी टीव्हीच्या स्पीकरवर नखांचा आवाज मला आलाच नव्हता, मी नुसतं धुकं बघत बसले होते. या वेळी उठून आमच्या खिडकीची कडी लागली आहे ना ते बघून आले.

'चेन सॉ 2' मी ऑगस्टमध्ये वीस मिनिटांत बंद केला होता. म्हणजे हँगरपर्यंत पोचलेच नाही. येत्या शनिवारी तोच लावते. दादा, ती साडेतीन मिनिटांची फाइल इथे टाकाल का?