१६×२ एलसीडी ३.३ व्होल्टवर कोरी दिसते, कॉन्ट्रास्ट कसा लावायचा?

तांबडीवायर:
एचडी४४७८० कंट्रोलरचा १६×२ डिस्प्ले ५ व्होल्टवर नीट चालत होता. नवा मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा, म्हणून डिस्प्लेही ३.३ वर घेतला. आता कॉन्ट्रास्टची पिन ३ (व्हीओ) थेट ग्राउंडला टेकवली तरी पडदा कोरा. अगदी तिरकं बघितलं तर अक्षरांची पुसट सावली दिसते, म्हणजे डेटा पोचतोय. डेटाशीटमध्ये २.७ ते ५.५ व्होल्ट चालेल असं आहे. मग अडतंय कुठे?

हिरवाबोर्ड:
२.७ ते ५.५ हा चिपच्या लॉजिकचा आकडा, काचेचा नाही. काचेला मिळतं ते व्हीडीडी (पुरवठ्याचं व्होल्टेज) वजा व्हीओ. साध्या १६×२ ला खोलीच्या तापमानाला हा फरक साधारण ४.२ ते ४.७ व्होल्ट लागतो. ५ व्होल्टवर व्हीओ ०.३ ते ०.८ ठेवला की काम भागतं. तुमच्याकडे व्हीओ शून्यावर आणूनही फरक ३.३ च. ४.५ हवे असतील तर व्हीओ उणे १.२ पाहिजे.

आयसीएल७६६० लावा, ही धन व्होल्टेजपासून उणे व्होल्टेज करणारी चिप. पिन ८ ला ३.३ व्होल्ट, ३ ग्राउंड. पिन २ आणि ४ मध्ये १० मायक्रोफॅरड, धन टोक २ कडे. पिन ५ आणि ग्राउंडमध्ये दुसरा १० मायक्रोफॅरड, इथे धन टोक ग्राउंडला. हाच हमखास उलटा लागतो. पुरवठा ३.५ व्होल्टच्या खाली आहे, म्हणून पिन ६ ग्राउंडला जोडा. पिन ५ वर जवळपास उणे ३.३ मिळतील. प्रीसेटचं (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरचं) एक टोक ग्राउंडला, दुसरं पिन ५ ला, मधलं व्हीओला. मल्टीमीटर ग्राउंडवर नको, व्हीडीडी आणि व्हीओ यांच्यात धरा.

पिक्सेलपंत:
वरचं बरोबर. फक्त प्रीसेट ग्राउंडच्या टोकाला ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. इनिशियलाइज न केलेल्या (सुरुवातीच्या आज्ञा न दिलेल्या) डिस्प्लेवर वरच्या ओळीत काळे चौकोन दिसायला हवेत. ते दिसले की व्होल्टेज पुरेसं आहे. मग अक्षरं दाखवून, रिकाम्या जागचे ठिपके करडे दिसत असतील तर ते जेमतेम नाहीसे होईपर्यंत कमी करा. बॅकलाइट लावून आणि प्रत्यक्ष वापरताना ज्या कोनातून बघणार त्याच कोनातून. टेबलावर वाकून लावलेला कॉन्ट्रास्ट पेटीवर बसवल्यावर बिघडतो.

तांबडीवायर:
जमलं, फरक ४.४ वर छान दिसतंय. पण पेटी थंडीत उघड्यावर राहणार आहे. आणि ७६६० ऐवजी पीडब्ल्यूएम (मायक्रोकंट्रोलरची चालू-बंद होणारी लहर) वापरता येईल का?

हिरवाबोर्ड:
येईल, पण नुसत्या आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टरने व्होल्टेज उणे होत नाही. चौकोनी लहर कपॅसिटरमधून दोन शॉटकी डायोडना द्यायची, ३.३ व्होल्टच्या लहरीवर भार नसताना उणे २.७ च्या आसपास मिळतं. भार मात्र विसरू नका. मॉड्यूलमध्ये व्हीडीडीपासून व्हीओपर्यंत पाच रेझिस्टरांची शिडी असते. ते प्रत्येकी २.२ किलोओहम असतील तर ४.५ व्होल्टला ०.४ मिलीअँपियर व्हीओतून बाहेर येतो आणि तो तुमच्या सर्किटला ओढून घ्यावा लागतो. म्हणूनच व्हीओ मोकळी सोडली की पडदा कोरा.

पिक्सेलपंत:
थंडीत द्रव स्फटिकाला जास्त व्होल्टेज लागतं, उन्हात कमी. त्यामुळे सकाळी फिकट आणि दुपारी सगळाच काळा, असं होतं. प्रीसेटच्या वाटेत थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) घाला, किंवा सेन्सर असेल तर पीडब्ल्यूएम तापमानानुसार बदला. कडाक्याच्या थंडीत अक्षरं रेंगाळत बदलतात ते वेगळं: द्रव घट्ट झालेला असतो, कॉन्ट्रास्ट फिरवून त्याला उपाय नाही. विस्तारित तापमानाचं मॉड्यूल घेतलंत तर काहींना ७ व्होल्टच्या आसपास लागतात, आधी त्याची डेटाशीट बघा.

रांगस्तंभ:
कुणी १२८×६४ ग्राफिक पॅनेल लावत असेल तर एसटी७५६५ कंट्रोलरमध्ये काचेचं व्होल्टेज तयार करणारा पंप आतच असतो. आधी रेझिस्टर रेशो (आज्ञा हेक्स २० ते २७) ने ढोबळ, मग हेक्स ८१ आणि ० ते ६३ मधला आकडा देऊन बारीक. रेशो ५.० पट (हेक्स २४) असताना आकडा ३२ ला सुमारे ८.५ व्होल्ट, दर पायरीला ०.०६५. बायस (शिडीतल्या व्होल्टेज पायऱ्यांचं प्रमाण) चुकीचा असेल तर व्होल्टेज कितीही फिरवा, सावल्या जात नाहीत. ओळींच्या संख्येच्या वर्गमुळात १ मिळवा आणि १ ला त्याने भागा: ६४ ओळींना १/९, १६ ना १/५. तरीही ६४ ओळींवर चालू आणि बंद ठिपक्याच्या परिणामी व्होल्टेजचं गुणोत्तर जेमतेम १.१३ राहतं, १६ वर १.२९. म्हणून मोठ्या पॅनेलवर योग्य व्होल्टेजची पट्टी इतकी अरुंद असते.